‘रोज किती बैठक?’ – ‘शंभर मारतो सर’

परभणीहून एका एम.पी.एड.च्या (शारीरिक शिक्षणातल्या पदव्युत्तर पदवीच्या) विद्यार्थ्याने विचारलंय. थोडक्यात प्रश्न असा: प्रबंधासाठी तीन कॉलेजांतल्या चारशे मुलामुलींची शारीरिक हालचाल आणि बैठी सवय मोजायची आहे. गाइड म्हणतात आयपॅक (IPAQ) ही शारीरिक हालचाल मोजायची आंतरराष्ट्रीय प्रश्नावली वापरा, मित्र म्हणतो मोबाइलमधली पावलं घ्या, काम सोपं होईल. पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या चाचणी फेरीत, तीस जणांकडून आयपॅक भरून घेतला, तर निम्म्यांनी दिवसभरात बसण्याचा वेळ दोन-तीन तासच लिहिला. ही मुलं तर दिवसभर वर्गात आणि अभ्यासिकेत असतात. मग टूल चुकीचं आहे का?

टूल फारसं चुकलेलं नाही. मुलांनी वाचलेला प्रश्न आणि तुम्ही विचारलेला प्रश्न एकच नव्हता. वीसेक वर्षं मी कॉलेजात शारीरिक शिक्षणाचं काम केलंय आणि असली सर्वेक्षणं बरीच केली, काही वायाही घालवली. पहिल्या सर्वेक्षणाच्या मराठी फॉर्मवर मी ‘बैठकीचा वेळ’ असं छापलं होतं. एका पोराने लिहिलं, ‘रोज १००’. बोलावून विचारलं तर म्हणाला, ‘शंभर मारतो सर, कधी सव्वाशे.’ दंड-बैठकांचा हिशोब देत होता बिचारा. तो फॉर्म मी बरीच वर्षं जपून ठेवला होता.

तुमच्या मुलांचा घोळ याहून बारीक आहे, म्हणून तो पटकन दिसत नाही. आपल्याकडे ‘बसलो होतो’ म्हणजे रिकामा बसलो होतो. ‘काय करतोस?’ ‘काही नाही, बसलोय.’ त्यामुळे ‘दिवसात किती वेळ बसता?’ असं विचारलं की पोरगं कट्ट्यावरचा, टपरीवरचा आणि फार तर मोबाइलचा वेळ मोजतं. अभ्यासिकेतले तास त्याच्या लेखी बसणं नसतंच, तो अभ्यास असतो. लातूरला भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलाने फॉर्मवर ३ तास लिहिले होते. त्याला शेजारी बसवून कालचा दिवस घड्याळ लावून विचारला. पाचला उठला, साडेपाच ते साडेसहा ग्राउंडवर. साडेसातला अभ्यासिकेत, बारापर्यंत तिथेच. मेस, थोडी झोप. दीड ते सात परत अभ्यासिका. जेवण, मग आठ ते दहा. साडेचार, साडेपाच आणि दोन मिळून बारा तास झाले. चहाच्या चकरांचा एक तास सोडला तरी अकरा. तो खोटं बोलला नव्हता. त्याने मराठी बरोबर वाचली होती, मी चुकीची लिहिली होती.

म्हणून बसण्याचा प्रश्न एका ओळीत विचारू नका. ‘काल’ धरा आणि तुकड्या-तुकड्यांनी विचारा: वर्गात बसून किती, अभ्यासिकेत किंवा खोलीवर अभ्यासाला किती, मोबाइल आणि टीव्हीला किती, एसटीत किंवा गाडीवर किती, जेवायला-गप्पांना बसून किती. बेरीज तुम्ही करा, त्यांना करायला लावू नका. झोप वेगळी घ्या. बैठं वर्तन म्हणजे जागेपणी, बसून, टेकून किंवा पडून, १.५ मेट किंवा त्याहून कमी ऊर्जा लागेल असं काहीही. एक मेट म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाला लागणारी ऊर्जा. रात्रीची झोप यात येत नाही, पण गादीवर लोळत रील बघणं येतं. एसटीचं तेवढं जपून. सकाळच्या कॉलेजच्या गाडीत अर्धी मुलं उभी असतात आणि उभं राहणं हे बैठं वर्तन नाही. मी ‘जागा मिळते का?’ असा जोडप्रश्न ठेवतो. मुलं हसतात, पण उत्तर खरं देतात.

आता दुसरी गोष्ट, प्रबंधात सगळ्यात जास्त गोंधळ होतो ती. कमी हालचाल आणि जास्त बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरच्याच मुलाचं गणित करू. तो रोज ४० मिनिटं खरोखर धावतो, आठवड्यातून सहा दिवस. आयपॅकमध्ये जोरकस कामाला ८ मेट धरतात: ४० × ६ × ८ = १९२०. चालणं रोज २० मिनिटं, त्याला ३.३ मेट: २० × ७ × ३.३ = ४६२. एकूण २३८२ मेट-मिनिटं. तीन किंवा अधिक दिवस जोरकस हालचाल आणि किमान १५०० मेट-मिनिटं, म्हणजे आयपॅकच्या ‘निम्न’, ‘मध्यम’, ‘उच्च’ या तीन गटांपैकी तो सरळ ‘उच्च’ गटात. आणि तोच मुलगा दिवसाला अकरा तास बसतो. तुम्ही ‘सक्रिय’ आणि ‘बैठे’ असे दोनच रकाने केले तर याला कुठे टाकणार? भरती, नीट, एमपीएससी यांच्या तयारीत अख्खी गावं असलेल्या आपल्या भागात असे मुलगे अपवाद नाहीत. दोन्ही आकडे वेगळे ठेवा, वेगळे मांडा, आणि मग एकत्र तक्ता करा. माझ्या मते तुमच्या प्रबंधातला वाचण्यासारखा तक्ता तोच असेल.

जाता जाता एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत बसणं कमी करा असं म्हटलंय, पण किती तासांच्या वर धोका, असा आकडा दिलेला नाही. ‘संघटनेच्या निकषानुसार ८ तासांहून अधिक’ असली वाक्यं प्रबंधात सर्रास सापडतात. लिहू नका.

मग आयपॅक की दुसरं काही? हे तुमची मुलं कुठली आहेत यावर ठरतं. तिन्ही कॉलेजं शहरातली आणि मुलं खोली करून राहणारी असतील तर आयपॅकचा सात प्रश्नांचा छोटा फॉर्म चालून जाईल. तो मागच्या सात दिवसांबद्दल विचारतो, भरायला सोपा आहे आणि तुलनेला जगभरचं काम मिळतं. पण तालुक्याचं कॉलेज असेल आणि मुलं खेड्यावरून ये-जा करत असतील, तर मी आयपॅक सोडून जीपॅक (GPAQ) ही दुसरी प्रश्नावली घ्या म्हणेन. त्यामागे एका मुलीची गोष्ट आहे.

नोव्हेंबरचा महिना होता. बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या मुलीने फॉर्म दिला, सगळीकडे शून्य. ‘व्यायाम करता का’ – नाही. ‘खेळता का’ – नाही. फॉर्म देताना तिची बोटं दिसली. नखांच्या कडेला बारीक ओरखडे, काही ताजे, काही काळे पडलेले. कापूस वेचताना सुकलेल्या बोंडाची टोकं लागतात, त्याचे. विचारलं तर त्या आठवड्यात तीन दिवस आईबरोबर वेचणीला गेली होती, दिवसाला पाचेक तास. उरलेले चार दिवस कॉलेज, घरापासून फाट्यापर्यंत वीस मिनिटं चालत. हे फॉर्मवर का नाही लिहिलं? ‘ते काम आहे ना सर, व्यायाम थोडाच आहे?’

चूक माझीच होती. इंग्रजी फॉर्ममध्ये ‘व्यायाम’ हा शब्द एकटा नव्हताच, शेतकाम, घरकाम, येणं-जाणं सगळं विचारलेलं होतं. मराठी करताना मी सोपं म्हणून ‘व्यायाम’ करून टाकलं होतं.

पण शब्द सुधारला तरी आयपॅक तिला न्याय देत नाही. छोट्या फॉर्मच्या नियमाप्रमाणे एका प्रकारची हालचाल दिवसाला १८० मिनिटांच्या वर गेली तर ती १८० वरच कापायची. फुगवून सांगणाऱ्यांना आवर घालायला हा नियम ठीक आहे, पण तिची खरी ३०० मिनिटंही त्यात कापली जातात. वेचणी मध्यम धरली, ४ मेट, तर ३ × १८० × ४ = २१६०. खरा आकडा ३ × ३०० × ४ = ३६००. पुढे याहून मोठी गंमत आहे. ‘मध्यम’ गटात बसायला एक तर तीन दिवस जोरकस हालचाल लागते, नाही तर पाच दिवस काही ना काही. तुम्ही तिला फाट्यापर्यंतच्या चालण्याबद्दल विचारलंच नाही, तर तिचे दिवस भरतात तीन आणि २१६० मेट-मिनिटं असूनही ती ‘निम्न’ गटात जाते. विचारलंत, तर ४ × २० × ३.३ = २६४ वाढतात, दिवस सात होतात आणि ती ‘मध्यम’मध्ये येते. मुलगी तीच, आठवडा तोच.

जीपॅक जागतिक आरोग्य संघटनेची, सोळा प्रश्नांची. तिच्यात काम, ये-जा आणि मोकळ्या वेळातले खेळ-व्यायाम असे वेगळे कप्पे आहेत, आणि ‘काम’ या कप्प्यात पगारी, बिनपगारी, घरचं, शेतातलं, अभ्यासाचं सगळं येतं. तिथे १८० मिनिटांची कात्री नाही, दिवसाला १६ तासांच्या वरचे अशक्य आकडे मात्र काढून टाकतात. एक अडचण आहे. जीपॅक ‘नेहमीच्या आठवड्या’बद्दल विचारते. आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या मुलीचा नेहमीचा आठवडा कुठला? सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरला सोयाबीनची काढणी, मग कापूस, फेब्रुवारी-मार्चला हरभरा आणि ज्वारी. जूनच्या आधी पाण्याचे हंडे, त्याची गणती वेगळीच. बीडच्या काही मुलांचे आईवडील ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसतोडीला कारखान्यावर जातात ते मार्च-एप्रिलपर्यंत येत नाहीत. मागे राहिलेल्या मुलीवर अख्ख्या घराचं काम पडतं. म्हणून मी जीपॅकमध्येही ‘मागचे सात दिवस’ असा बदल करतो आणि तो बदल पद्धतीच्या प्रकरणात लिहून टाकतो. जमलं तर मोजणी दोनदा करा, एकदा ऑक्टोबर-नोव्हेंबरला, एकदा फेब्रुवारीत. एम.पी.एड.च्या वेळात नाही जमणार, ठाऊक आहे. मग निदान महिना तरी शीर्षकाखालीच लिहा.

‘जोरकस’ आणि ‘मध्यम’ हे शब्दही मुलांच्या डोक्यावरून जातात. बोलण्यावरून समजावणं सोपं. वाक्य पूर्ण बोलता येत नाही, धाप लागते, ते जोरकस: धावणं, कबड्डी, खो-खो, पोती उचलणं, टिकावाने खणणं. बोलता येतं पण गाणं म्हणता येणार नाही, ते मध्यम: खुरपणी, वेचणी, हाताने धुणं, भरला हंडा घेऊन चालणं, साध्या वेगाची सायकल. क्रिकेटबद्दल खोदून विचारा. तीन तास क्रिकेट खेळलो म्हणणारा अडीच तास बॅटिंगची वाट बघत बांधावर बसलेला असतो.

मोबाइलच्या पावलांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, निदान मुख्य माप म्हणून तरी. मुलाचा फोन खिशात असतो, मुलीच्या कुर्त्याला खिसाच नसतो, फोन दप्तरात किंवा बाकावर. ग्राउंडवर धावताना फोन मित्राकडे. वेचणीत माणूस एका झाडापाशी थबकत, अर्धं पाऊल सरकत जातो, ते यंत्राला दिसत नाही. सायकल दिसत नाही, वजन उचलणं दिसत नाही. म्हणजे मुलगे आणि मुली यांच्यात तुम्हाला जो फरक सापडेल, त्यातला बराचसा खिशाचा फरक असेल. आणि दहा हजार पावलांना प्रमाण मानू नका. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या ‘मानपो-केई’ या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलं मोजणारं’ असा आहे.

तरीही यंत्राची जोड हवीच, कारण तोंडी उत्तर फुगतं. आयपॅकच्या छोट्या फॉर्मवरच्या अभ्यासांचा आढावा २०११ मध्ये निघाला, त्यात यंत्राशी ताडल्यावर फॉर्मवरची हालचाल सरासरी ८४ टक्के जास्त भरली होती. बसण्याचं बरोबर उलट, एका प्रश्नात विचारलं की ते कमीच सांगितलं जातं. त्यामुळे चारशेतल्या तीस-चाळीस जणांना, चिठ्ठ्या टाकून, कमरेला लावायचं यंत्र सात दिवस द्या. विद्यापीठाच्या विभागात किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) विभागात अ‍ॅक्सेलरोमीटर, म्हणजे हालचाल नोंदवणारं यंत्र, मिळाला तर उत्तम. विकत घ्यायच्या फंदात पडू नका, प्रबंधाच्या खर्चात तो बसत नाही. नाहीच मिळाला तर साधे पेडोमीटर. दिवसाला किमान दहा तास लावलेलं, असे किमान चार दिवस, त्यात एक रविवार, एवढं असेल तरच तो विद्यार्थी धरा. पहिला दिवस मी टाकून देतो. यंत्र लावलं की पहिल्या दिवशी सगळी पोरं कॉलेजला चालत येतात. कमरेच्या यंत्राला उभं राहणं आणि बसणं यातला फरकही नीट कळत नाही, दोन्हीकडे हालचाल नाहीच. तो फरक कळायला मांडीवर चिकटवायची यंत्रं असतात, ती तुम्हाला मिळणं अवघड आहे.

नमुन्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण चारशे हा आकडा कुठून आला ते मला माहीत आहे. नमुना काढायचं नेहमीचं सूत्र: ४pq भागिले चालवून घ्यायच्या चुकीचा वर्ग. p म्हणजे ती गोष्ट असणाऱ्यांचे टक्के, q म्हणजे उरलेले टक्के, आणि चूक ५ टक्के. आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्यात, ज्यात महाराष्ट्र होता, ५४.४ टक्के प्रौढ अपुरी हालचाल करणारे निघाले. ४ × ५४.४ × ४५.६ भागिले २५, उत्तर ३९७. ठीक. ते लोक २० वर्षांच्या वरचे होते एवढं लिहून टाका. पण तुम्ही वर्गच्या वर्ग उचलणार असाल तर एकाच वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात, नमुना दीडपट तरी करावा लागेल, म्हणजे सहाशेच्या आसपास. तेवढं झेपत नसेल तर प्रवेशाच्या रजिस्टरवरून नावं काढा.

आणि रजिस्टरवरूनच काढा, हजेरीवरून नको. जीव तोडून सांगतोय. आपल्याकडे वेचणीच्या दिवसांत साठ पटावरच्या वर्गात वीस मुलं असतात. बाकीची कुठे आहेत? रानात, मोंढ्यात हमालीला, कापडाच्या दुकानात, पंपावर. म्हणजे सगळ्यात जास्त हालचाल करणारी मुलंच तुमच्या मोजणीतून गळतात आणि निष्कर्ष निघतो ‘ग्रामीण विद्यार्थी निष्क्रिय’. असा निष्कर्ष काढलेला एक प्रबंध माझ्याच हाताखालून गेलाय, तेव्हा मला हे सुचलं नव्हतं. गैरहजर मुलाला फोन करा, संध्याकाळी गावात गाठा, दोन-तीनदा प्रयत्न करा. तरीही नाही भेटला तर किती नाही भेटले ते लिहा.

अकरावी-बारावीची मुलं घेणार असाल तर ती बहुतेक १८ च्या आतली. पालकांची लेखी संमती, मुलाची स्वतःची तयारी आणि नीतीसमितीची मंजुरी हे आधी. जागतिक आरोग्य संघटनेचा हालचालीचा निकषही वयाप्रमाणे बदलतो. १७ वर्षांपर्यंत रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस, १८ नंतर आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० जोरकस. दोन्ही वयं एका तक्त्यात कोंबू नका. माझं ऐकाल तर फक्त पदवीची मुलं घ्या.

आकडे मांडताना सरासरीच्या मागे लागू नका. एक भरतीवाला दहा हजार मेट-मिनिटं घेऊन येतो आणि वर्गाची सरासरी बिघडवतो. मध्यक (ओळीने लावल्यावर मधला येणारा आकडा) आणि चतुर्थक (पाव आणि पाऊण वाटेवरचे आकडे) द्या. मुलगे-मुली वेगळे, खोलीवरचे आणि ये-जा करणारे वेगळे.

फॉर्म कोण भरून घेतं हेही बघा. मी सुरुवातीला ट्रॅकसूट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून फॉर्म वाटत होतो. समोर पीटीचे सर, मग कोण लिहील की मी काहीच करत नाही? पुढे मी मराठी विभागातल्या मॅडमना पाठवायला लागलो आणि व्यायामाचे आकडे दणकन खाली आले. मुलींना मुलीने विचारलेलं बरं, घरकामाचा तपशील तेव्हाच निघतो. नाही तर ‘घरातलं थोडंफार’ एवढ्यावर गाडी थांबते.

तुमचे तीस फॉर्म टाकू नका. त्यातले दहा जण परत गाठा, संध्याकाळी सातनंतर, अभ्यासिकेबाहेर किंवा मेसवर. प्रत्येकाचा कालचा दिवस घड्याळाने विचारा आणि मूळ फॉर्मच्या शेजारी लिहा. गाइड आयपॅकवर अडून बसले तर त्यांच्याशी वाद घालू नका, हे दहा कागद आणि वेचणीचं ते २१६० चं गणित समोर ठेवा. बहुतेक गाइड शेतकऱ्याच्या घरचेच असतात.